कोल्हापूरची जहाजे

युरोपातल्या बंदरांत जुन्या शिडाच्या जहाजांच्या जत्रा भरतात. तीन-तीन डोलकाठ्यांची जहाजे धक्क्याला लागतात, माणसे पोराबाळांना घेऊन रांगा लावतात, डेकवर चढतात, दोर ओढून बघतात, खलाशांना प्रश्न विचारतात. यंदाच्या अंकाचा विषय ‘दर्या’ ठरला तेव्हा संपादकांनी विचारले, आपल्याकडची जुनी जहाजे बघायची तर कुठे जायचे?

कोल्हापूरच्या माणसाने याचे उत्तर काय द्यायचे? आमचे सगळे पाणी गोडे. पंचगंगा, रंकाळा, राधानगरीचे धरण. महापुरात गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटून तिच्यात बसून माणसे पैलतीरी नेल्याच्या आठवणी नदीकाठच्या गावांत अजून सांगतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली गेला तेव्हा नौदलाची पथके आली. आमच्याकडच्या बहुतेकांनी नौदल प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हाच.

तरीही कोल्हापूरच्या गादीला आरमार होते. अठराव्या शतकात मालवण हे कोल्हापूरचे बंदर होते आणि सिंधुदुर्ग हा कोल्हापूरचा जलदुर्ग. इथून निघणाऱ्या जहाजांचा इंग्रजांच्या व्यापाराला एवढा उपद्रव झाला की त्यांच्या कागदांत ‘मालवणचे चाचे’ हा नेहमीचा उल्लेख झाला. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी पैसे व अटी कबूल करून घेऊन तो कोल्हापूरला परत केला. तेव्हा राज्याचा कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. १ ऑक्टोबर १८१२च्या तहाने मात्र मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी संबंध तुटला. ती जहाजे कशी होती, त्यांचे पुढे काय झाले आणि त्यांच्यातले आज काही दिसते का, हे बघायला मी श्रावणात घाट उतरलो.

बावड्याच्या अमात्यांचे आरमार

मी गगनबावड्याचा रस्ता धरला. कळे, साळवण मागे पडले की उसाची शेते विरळ होतात आणि धुके सुरू होते. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. शिवाजी महाराजांच्या हाताखाली तयार झालेल्या या मुत्सद्द्याने उतारवयात, १७१५-१६च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्या वेळी गादी पन्हाळ्यावर होती. दुर्गांवरचे त्यांचे प्रकरण सगळ्यांना माहीत असते. व्याख्यानांतून, किल्ल्यांवरच्या फलकांतून ते भेटत राहते. आरमाराचे प्रकरण शेवटी येते, आणि ते वाचायचे राहून जाते.

ते वाचावे ते त्यातल्या बारकाव्यांसाठी. पंत आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानतात, आणि लगेच कामाच्या गोष्टींकडे वळतात. लढाऊ गुराब फार मोठी नको, फार लहान नको, मध्यम बांधावी. वारा नसला की निरुपयोगी होणारी अवजड जहाजे बांधूच नयेत. पावसाळ्यात आरमार छावणीला ठेवायचे ते दरवर्षी वेगवेगळ्या बंदरात, म्हणजे एकाच गावाला दर्यावर्दींच्या मुक्कामाचा जाच सोसावा लागत नाही. लाकडाविषयी तर त्यांनी फार जपून लिहिले आहे. साग वगैरे लागेल तो परवानगीने तोडावा. आंबा-फणसही जहाजाला उपयोगी, पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे.

घाटमाथ्यावरच्या जहागिरीतला माणूस हे लिहितो याचे मला फार कौतुक वाटते. बावड्याच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते. घाटावरचे राज्य खालच्या बंदरांतून येणाऱ्या जकातीवर आणि मालावर किती अवलंबून आहे, हे इथे राहणाऱ्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

वारा पडल्यावर

वारा नसला की निरुपयोगी होणारे जहाज नको, या एका वाक्यात कोकण किनाऱ्यावरच्या लढाईचे सगळे तंत्र आले आहे. इथे पावसाळा सरला की रोजचा वारा दोन पाळ्यांत वाहतो. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई, आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा. दोन्हींच्या मध्ये हवा पडते. खोल तळाचे, चौकोनी शिडांचे विलायती जहाज त्या वेळी जागच्या जागी डुलत राहते. हीच मराठ्यांच्या आरमाराची वेळ.

अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने या जहाजांचे वर्णन केले आहे. शत्रूच्या बाजूच्या माणसाचे असूनही ते नीट बघून केलेले आहे. गुराब लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात उथळ बसणारी. दोन डोलकाठ्यांची साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, निमुळती, लांब आणि सखल. नाळेवरचा भाग मोकळा असल्यामुळे समोरच्या लाटेचे पाणी वर चढून बाजूंनी निघून जाई. त्यामागच्या पडदीत भोके ठेवून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. विलायती जहाजाची ताकद त्याच्या कुशीतल्या तोफांत असते. गुराब पाठलाग करता करता नाकासमोर मारा करी.

गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि हलक्या, फिरत्या तोफा. वारा पडला की गलबते गुराबींना दोर लावत आणि वल्हवत ओढून शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभ्या करत. तिथे शत्रूच्या तोफा कमी. आधी त्याच्या डोलकाठ्या आणि दोरखंड उडवायचे, जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे चहूबाजूंनी चढायची. पाठलाग उलटा झाला तर खाडीत शिरायचे. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. त्यावरून उथळ गुराब जाते, खोल तळाचे जहाज बाहेरच राहते.

पंतांच्या ‘मध्यम’ या शब्दामागे हा सगळा हिशेब आहे. आपण इतिहासाच्या पुस्तकांत आरमारातल्या जहाजांचे आकडे वाचतो आणि हा भाग वगळतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात इथला वारा, इथली वाळू आणि इथली झाडे ओळखून केलेली रचना दिसते.

गिर्येची गोदी

विजयदुर्गाच्या अलीकडे गिर्ये गावाजवळ वाघोटन खाडीच्या काठाला आंग्रेकालीन गोदी आहे. किल्ला पाहणारे बरेच जण ती न बघता परत फिरतात. रस्त्यापासून खाली उतरावे लागते, आणि पावसाळ्यात पायाखाली शेवाळ असते. काठचा खडक फोडून आणि दगडी बांध घालून केलेली ही जहाजांची खोली. तिचे तोंड खाडीकडे.

तिचे काम समुद्रच करतो. मोठ्या भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तोंड बंद करायचे. आत जहाज टेकूंवर कोरडे उभे राहते. मग त्याच्या तळाला लागलेले शिंपले, काकई खरवडायची, पाणकिड्याने खाल्लेल्या फळ्या बदलायच्या, फटींत कापूस-काथ्या ठोकून राळ भरायची, तेल पाजायचे. काम झाले की पुढच्या मोठ्या भरतीला तोंड उघडायचे. लाकडी जहाजाला ही शुश्रूषा दरवर्षी लागते. एक-दोन वर्षे चुकली की त्याची माती व्हायला सुरुवात होते.

विजयदुर्गाच्या आरमाराच्या नशिबी तेही नव्हते. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गावर आले, आणि पेशव्यांचे सैन्य त्यांच्या बाजूने जमिनीवर होते. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला. खाडीत विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे यांची जहाजे एकमेकांना बांधून, दाटीवाटीने उभी होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि सगळे आरमार एका दिवसात जळाले. मराठ्यांच्या हातांनी मराठ्यांचे आरमार बुडवायला मदत झाली, हे कितीदा वाचले तरी किल्ल्याच्या तटावरून ती खाडी बघताना सोसत नाही.

म्हणून संपादकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, मराठ्यांची एकही गुराब, एकही गलबत आज कुठे उभे नाही. काही जळाली, काही विकली गेली, उरलेली काठावर कुजली. चित्रे आहेत, वर्णने आहेत, गोदी आहे. जहाज नाही.

मालवणची नारळी पौर्णिमा

मालवणला मी पोचलो तो नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी. बंदरातला हा खरा सण. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली तरी नारळ दिल्याशिवाय समुद्रावर न जाणारे बरेच आहेत. मान सिंधुदुर्ग किल्ल्याचा. किल्ल्यातला नारळ दर्याला आधी जातो, मग किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे नारळ. दुपारपासून बंदराच्या वाळूत माणसांची रीघ लागते. नारळ लढवायचा खेळ रंगतो. एकाने आपला नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचे, ज्याचा फुटेल तो हरला. बायकांचे डावही तितकेच चुरशीचे होतात.

वर काढलेल्या होड्या मी हिंडून पाहिल्या. बहुतेक फायबरच्या. हलक्या, तेल-राळेचा खर्च नाही, कीड लागत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याने फायबर घेतले यात दोष कसला? पण किनाऱ्यावर जुन्या पद्धतीच्या काही लाकडी होड्या अजून आहेत. एका बाजूला उलांडी असलेली अरुंद होडी, म्हणजे दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका. रापणीचे जाळे समुद्रात वळवून आणायला हीच वापरत. गोवा आणि दक्षिण कोकणाच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवत. लाटेत किनाऱ्याला आपटताना खिळ्याची फळी फुटते, शिवलेली लवते. इथल्या गाबीत, खारवी, भंडारी घरांतली माणसे आरमारावर होती, आणि या होड्याही त्याच घरांतल्या.

समोर पद्मगडाचा खडक दिसत होता. शिवाजी महाराजांच्या काळी तिथे जहाजे बांधत, असे मालवणात सांगतात. १८१२च्या तहात सिंधुदुर्गाबरोबर पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हेही गेले.

हार्टलपूलमधला साग

मालवण गेले त्यानंतर चारच वर्षांनी, १८१६ साली, मुंबईच्या गोदीत एका जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, ठेवला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी मिस्त्री पिढ्यान्पिढ्या जहाजे बांधत होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पठाणात चांदीचा खिळा ठोकला आणि मलबारच्या सागातून ब्रिटिश नौदलासाठी ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट उभी केली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात ती प्रेक्षकांसाठी खुली आहे, आणि तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत सगळ्यात जुनी म्हणून तिची ख्याती आहे.

त्या भागात राहणारी माझी एक भाची २०२३च्या जुलैमध्ये मुलांना घेऊन तिथे गेली होती. त्या वर्षी उंच शिडांच्या जहाजांची शर्यत हार्टलपूलला आली होती आणि गाव माणसांनी भरले होते. फोनवर तिने सांगितले ते असे: खालच्या मजल्यावर मोठ्यांना मान वाकवूनच चालावे लागते. तोफांच्या मधल्या जागेत खलाशांची जेवणाची फळी, तिथेच वर झोळ्या टांगून झोपायचे. मुलांनी तुळईला हात लावला तेव्हा ती त्यांना म्हणाली, हे झाड आपल्याकडचे.

सागामुळेच ते जहाज टिकले. इंग्लंडच्या ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, सागातले तेल तो राखते. पण नुसत्या लाकडाने दोनशे वर्षे निघत नाहीत. लढाऊ काम संपल्यावर ‘ट्रिंकोमाली’वर मुले शिकली, तिचे नाव बदलून ‘फुद्रोयाँ’ झाले तरी विसाव्या शतकातही ती प्रशिक्षणासाठी वापरात राहिली. वापरात होती म्हणून कोणी ना कोणी तिच्या फटी भरत राहिले. १९९०पासून दहा वर्षांवर चाललेल्या दुरुस्तीने तिला मूळ रूप आले. जिंकणाऱ्याचे जहाज राहिले आणि हरणाऱ्याचे गेले, हे खरेच. पण मिस्त्र्याच्या हाताला रोज काम मिळत राहिले, हे कारण मला त्याहून मोठे वाटते.

आपल्या नौदलाने हे ओळखले आहे. ‘तरंगिणी’ १९९७ साली आणि ‘सुदर्शिनी’ २०१२ साली नौदलात आल्या. दोन्ही तीन डोलकाठ्यांच्या, दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या. इंजिनाच्या जमान्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या पोरांना काठीवर चढवून शीड बांधायला लावतात, कारण वारा आणि लाट अंगाला कळावी लागते. ‘तरंगिणी’ने २००३-०४मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१८ साली ती इंग्लंडमधल्या संडरलँडच्या जत्रेत उभी होती. जानेवारी २०२६मध्ये ‘सुदर्शिनी’ कोचीहून निघाली ती फ्रान्समधल्या सेत बंदराचा दर्या-उत्सव आणि न्यूयॉर्कचा जहाजमेळा हे दोन्ही मार्गात धरून.

काथ्याने शिवलेली कौंडिण्य

या सगळ्यांत मला आशा वाटते ती ‘कौंडिण्य’मुळे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांनी २०२३च्या जुलैमध्ये करार करून त्या चित्रावरून जहाज बांधायचे ठरवले. नकाशा नाही, मापे नाहीत. एका बाजूने दिसणारे चित्र तेवढे होते. होडीचे रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात याआधी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली होती. तिच्यातूनच नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी केली. ‘कौंडिण्य’साठी केरळचे मिस्त्री बाबू शंकरन आपले कारागीर घेऊन आले.

शिवण्याची पद्धत अशी. आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकायच्या, हे आपल्याला माहीत असलेले काम. इथे उलटे. वाफेने नरम करून वाकवलेली फळी फळीला लावायची आणि कडेने भोके पाडायची. सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवायची. एक जण आतून, एक बाहेरून, दोरी ताणून टाके घालत पुढे सरकायचे. टाका सैल पडला तर समुद्रात तिथूनच पाणी येणार, म्हणून ताण हाताच्या अंदाजाने सारखा ठेवावा लागतो. मग राळ आणि माशाचे तेल यांचे लुकण. फळ्यांची कूस तयार झाल्यावर आतून वांक, म्हणजे बरगड्या, बांधायचे. जहाज सुमारे साडेएकोणीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद झाले. आजच्यासारखे सुकाणू नाही, मागच्या बाजूला दिशा देणारी मोठी वल्ही. चौकोनी शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य. ते पाण्यात कसे वागेल याच्या चाचण्या आयआयटी मद्रासने केल्या, काठी टिकेल का हे नौदलाने तपासले.

मे २०२५मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबरला पोरबंदरहून सुटले आणि १४ जानेवारी २०२६ला मस्कतला पोचले. डिसेंबर निवडला कारण तेव्हा वारा ईशान्येकडून असतो आणि चौकोनी शिडाला मागचाच वारा चालतो. जुने व्यापारी याच मोसमाने अरबस्तानात जात. ब्रिटिश साहसी प्रवासी टिम सेव्हरिन १९८०-८१मध्ये ओमानहून चीनला शिवलेल्या जहाजातून गेले, त्या जहाजाचे लाकूड मलबारचे आणि काथ्या लक्षद्वीपचा होता.

पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून एवढे होते, तर गुराब का नको? तिची चित्रे आहेत, टनांचे, तोफांचे आकडे आहेत, पंतांचे सल्ले आहेत. ती ज्या वाऱ्यासाठी केली तो वारा तिथेच आहे. पुतळे आणि काँक्रीटच्या प्रतिकृती यांच्यावर जो खर्च होतो त्यातला काही भाग मालवणात किंवा गिर्येला एक गुराब बांधण्यावर व्हावा, तिच्यावर दरवर्षी कोकणातली आणि घाटावरची पोरे शिकावीत, असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरने त्यात पुढाकार घ्यावा. मालवणचे आरमार कोल्हापूरचे होते.

सर्जेकोटला

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सर्जेकोटच्या किनाऱ्यावर एका वयस्क मिस्त्र्यांकडे गेलो. मासेमारीच्या लाकडी होड्या बांधण्यात त्यांची हयात गेली. आता मुलगा फायबरची दुरुस्ती करतो. गुराबीच्या जुन्या चित्रांच्या छायाप्रती त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटले, “काका, असे जहाज आज बांधता येईल?”

त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न केला, “पाण्यात किती बसतला?” मग दुसरा, “लाकूड खयसून हाडतलात?” पठाणाला एवढा लांब सरळ सोट आता मिळायचा नाही, दोन जोडावे लागतील. फळ्यांना साग, नाहीतर ऐन. डोलकाठीला उंडी, ती सरळ वाढते आणि लवते. वांकांसाठी मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधायची, कापून वाकडी केलेली चालत नाही. हे सांगत असताना मुलगाही येऊन बसला.

मग काकांनी कानावरची पेन्सिल काढली. पुढची डोलकाठी चित्रात होती त्याच्या जरा मागे एक रेघ मारली. नाळेजवळ दोन जड तोफा दाखवल्या आहेत, त्यात काठीही तिथेच रोवली तर लाटेत तोंड उचलणार नाही, चित्रकाराने चूक केली असणार. तोफांचे वजन किलोत किती, ते त्यांनी मला काढून आणायला सांगितले आहे. त्याशिवाय पुढचे माप धरता येत नाही.